वरीलप्रमाणे चक्री

सोपानराव ओव्हाळांनी उभ्या आयुष्यात कागदावरचा एकही रकाना रिकामा सोडला नव्हता. शिरूरच्या घोडकाठ खरेदी-विक्री संघात ते हेडक्लार्क होते. रिकामा रकाना म्हणजे उघडं राहिलेलं दार, त्यातून कोण कधी आत शिरेल याचा नेम नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. लिहायला काही नसेल तर ते 'निरंक' लिहीत, आणि वरच्या ओळीत जे असेल तेच खालीही यायचं असेल तर दोन बारीक तिरक्या रेघा ओढत. या दोन रेघांचा अर्थ 'वरीलप्रमाणे'. वीस वर्षांत त्यांनी अशा इतक्या रेघा ओढल्या होत्या, की त्यांचा हात आता डोक्याला न विचारताच त्या ओढून मोकळा होई. एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात त्यानं तेच केलं.

झालं असं, की सहकार सप्ताहानिमित्त दौंडला कर्मचाऱ्यांचे खेळ व्हायचे होते. प्रत्येक संस्थेनं दोन नावं कळवावीत, असं परिपत्रक आलं. पहिलं नाव संघाच्या तोलाराचं, पोपटचं. तेवीस वर्षांचा गडी, पोत्यासारखं पोतं एका हातानं काट्यावर टाकणारा.

"खेळ कुठला लिहू रे?" सोपानरावांनी विचारलं.

"चक्री लिवा, सायेब."

दोन्ही हात एकामागून एक जमिनीला टेकायचे, पाय आभाळाकडं न्यायचे आणि गाडीच्या चाकासारखं बाजूनं फिरून पुन्हा पायांवर उभं राहायचं, याला शिरूरची पोरं चक्री म्हणत. सोपानरावांनी पहिल्या ओळीत तसं लिहिलं. दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव घातलं. त्यांनी स्वतःसाठी संगीत खुर्ची ठरवली होती. वीस वर्षं एकच खुर्ची न सोडणाऱ्या माणसाला त्यात कोण हरवणार? मग संस्था, रेघा. तालुका, रेघा. वय मात्र चव्वेचाळीस असं वेगळं लिहिलं. डोकं वापरलं ते एवढ्याच ठिकाणी. पुढचा रकाना खेळाचा होता. तिथंही रेघा. चेअरमन शंकररावांनी सगळ्या चेअरमनांप्रमाणे न वाचता सही ठोकली, कागदाला जावक क्रमांक पडला आणि तो दौंडला गेला.

पुढच्याच आठवड्यात पोपटला पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली. तेव्हा "अनुक्रमांक एक रद्द समजण्यात यावा" असं पत्र सोपानरावांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात दौंडला धाडलं. स्वतःच्या पायावर एवढ्या सुबक अक्षरात धोंडा पाडून घेणारा माणूस विरळाच.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला छापील कार्यक्रमपत्रिका आली. संगीत खुर्चीच्या यादीत सोपानरावांना आपलं नाव सापडेना. ते सापडलं पार खाली, एकटंच, ठळक टायपात: 'चक्रीचे प्रात्यक्षिक. श्री. सोपान ज्योतिबा ओव्हाळ, वय ४४, शिरूर. वेळ पंधरा मिनिटे.'

सोपानराव पत्रिका घेऊन शंकररावांकडे धावले. शंकरराव खुर्चीत मागं रेलून पान लावत होते.

"आबा, माझ्या हातून चूक झालीय. नाव मागं घ्यावं लागंल."

"मागं?" शंकररावांचा चुना तळहातावरच राहिला. "अवो, मी न्हावऱ्यापतुर सांगून आलो, आमचा हेडक्लार्क ह्या वयात चक्री मारतो म्हणून! बाकीच्या संस्थांनी दोरीओढ आन् लिंबू-चमचा दिलाय. लिंबू-चमचा! आपलीच संस्था येगळी उठून दिसतीय. आन् दुरुस्ती करायची म्हंजी ठराव पायजे, ठरावाला मीटिंग पायजे, आन् मीटिंग हाय पंचवीस तारखंला."

खेळ सतरा तारखेला होते. सोपानरावांना नियम पाठ होते, कारण ते त्यांनीच टाइप केले होते.

तरी एक दिवस रजा टाकून ते दौंडला गेले. एस.टी.त शेजारी इनामगावचा एक म्हातारा बसला होता. त्याच्या गावात पुण्याचे शिकलेले लोक खणत होते आणि तीन हजार वर्षांपूर्वीची हाडं वर काढत होते. "मडक्यात ठिवलेली पोरं घावली, पाय तोडलेली माणसं घावली," म्हातारा कौतुकानं सांगत होता. सोपानरावांना वाटलं, आणखी तीन हजार वर्षांनी कुणी दौंड खणलं तर डोकं खाली आणि पाय वर असा एक हेडक्लार्क सापडेल, आणि तो तसा का पुरला यावर विद्वानांची भांडणं होतील.

दौंडच्या कचेरीत सावळाराम नावाचे कारकून होते. चष्म्यावरून बघायची त्यांची तऱ्हा पाहताच सोपानरावांनी ओळखलं, की हा आपल्याच जातकुळीचा माणूस आहे, म्हणजे रकाना रिकामा न सोडणारा; आणि त्यांचं अवसान गळालं.

"अनुक्रमांक एक रद्द आहे," सावळाराम कागदावर बोट ठेवून म्हणाले. "तुमचं पत्र आलंय. अक्षर छान आहे."

"हो, पण मग माझ्या ओळीतलं 'वरीलप्रमाणे' कसं राहील? वर काही उरलंच नाही ना."

सावळारामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ओव्हाळ, तुम्ही जुने माणूस. तुम्हाला मी सांगायचं? वरचं रद्द झालं, तरी वरीलप्रमाणे कायम राहतं. तशी रद्द करायची वेगळी सूचना पाहिजे."

हे इतकं बरोबर होतं, की सोपानरावांना उठून त्यांच्याशी हात मिळवावासा वाटला. ते पुढच्या गाडीनं शिरूरला परत आले.

आता चक्री शिकण्याला इलाज नव्हता. गावात तोंड लपवून राहता येतं, पण सोपानरावांचे वडील ज्योतिबा उभी हयात दुसऱ्यांच्या बांधावर राबले होते, आणि शाळेचं तोंड पाहिलेला घरातला हा पहिलाच माणूस. त्यांच्या घरात छापील कागदावरच्या नावाला मान होता. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या कोनाड्यात म्हातारीनं, सोजराबाईंनी, ती पत्रिका नेऊन ठेवलीसुद्धा. तिला वाचता येत नव्हतं. लेकाचं नाव ठळक आहे एवढं तिला कळलं होतं.

बातमी आळीत पसरायला संध्याकाळ पुरली. पहिले आले हौसराव. हे पोलिसांतून निवृत्त झालेले हवालदार, आणि सल्ला देण्यातून कधीच निवृत्त न होणारे.

"आधी रगताला सवय पायजे," त्यांनी निदान केलं. "भितीला पाय लावून डोक्यावर हुबं ऱ्हा. रोज अर्धा तास. मग चक्री म्हंजी चहा पिल्यावानी हाय."

सोपानराव दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत डोक्यावर उभे राहिले. म्हणजे त्यांना हौसरावांनी आणि शेजारच्या रतनबाईंच्या नवऱ्यानं धरून उभं केलं, आणि मग दोघं वाटाण्याच्या भावावर बोलत बोलत निघून गेले. तेवढ्यात संघाचा शिपाई टपाल घेऊन आला. टपाल तातडीचं होतं. सोपानरावांनी तशा अवस्थेतही रजिस्टर मागून घेतलं आणि सही केली. पुढं ऑडिटमध्ये त्या सहीवर शेरा आला, की सही उलटी आहे; पण ती त्यांचीच आहे, हे कुणी नाकारलं नाही. चुन्याच्या भिंतीवर दोन पावलं उमटली ती निराळीच. पार्वतीबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, ती पुसली नाहीत. "येणाऱ्या-जाणाऱ्याला दावायला बरी हाईत," त्या म्हणाल्या.

खरा सराव सोपानरावांनी संघाच्या गोदामात रविवारी दार लावून केला. चाळीस रिकाम्या बारदानांची गादी केली. पहिल्या उडीत पँट मागून उसवली. दुसऱ्या उडीत ते हात टेकायचे विसरले. तिसऱ्या उडीत हात टेकले, पण पाय जमिनीवरून उठेनात. जन्मभर टेबलाखाली बसलेल्या पायांना असं वर जाणं पसंत नव्हतं. चौथ्या उडीत पाय उठले आणि सोपानराव पेंडीच्या थप्पीत जाऊन बसले. तिथून त्यांना घरी यायला पाऊण तास लागला. घर गोदामापासून दोनशे पावलांवर होतं.

पार्वतीबाई पाठीला तेल चोळत होत्या. चोळता चोळता म्हणाल्या, "अवं, जिला येतंय तिला इचारा की."

कोणाला विचारायचं ते सोपानरावांना ठाऊक होतं.

रंभा, त्यांची बारा वर्षांची मुलगी, आळीतली सर्वांत झकास चक्री मारायची. घरापासून नळापर्यंत ती पायांनी जातच नसे. पण एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम रंगात आलं, तेव्हा पोरीला राहवलं नाही आणि तिनं सगळ्यांच्या पुढं लागोपाठ तीन चक्र्या मारल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हौसराव सोपानरावांच्या कानाशी लागून म्हणाले, "पोरगी मोठी झाली की वं." तेवढंच. सोपानरावांनी पुढं होऊन तिचा दंड धरला आणि भर मिरवणुकीत म्हणाले, "लाज न्हाई वाटत? घोडी झालीस. लोकं बघत्यात!"

त्या दिवसापासून रंभानं चक्री मारली नाही. ती रुसली असती तर बरं झालं असतं. रुसवा काढता येतो. ती नुसती शहाणी झाली. शाळेतून आली की भांडी घासायची, अभ्यास करायची, वडिलांना चहा द्यायची आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची. नळावर चालत जायची. तिच्याविषयी तक्रारीला जागा नव्हती, आणि सोपानरावांना नेमकी तीच गोष्ट सात महिने बोचत होती. आपण चुकलो हे त्यांना त्याच रात्री कळलं होतं. पण बापाचा शब्द म्हणजे जावक क्रमांक पडलेलं पत्र. ते परत कसं बोलवायचं, याचा नियम त्यांना कुठं सापडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. ती पाटीवर गणितं सोडवत होती.

"रंभे, मला चक्री शिकवशील?"

तिनं वर पाहिलं. "दार लावून घ्यायचं का, दादा?" तिनं विचारलं. "लोकं बघत्यात."

ती टोचून बोलली नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते सोपानरावांच्या जास्त वर्मी लागलं.

"घेऊ लावून," ते कसंबसं म्हणाले.

संघ सुटल्यावर रोज तासभर गोदामात शाळा भरू लागली. रंभा गुरुजी म्हणून कडक होती. "तुम्ही समदं एकदम टाकताय, दादा. तसं न्हाई. पाळीपाळीनं. आधी ह्यो हात, मग त्यो हात, मग ह्यो पाय, मग त्यो. गाडीच्या चाकाचे आरे कसे येत्यात जमिनीला? एकामागं एक."

"म्हणजे अनुक्रमांकानं," सोपानराव म्हणाले.

"व्हय, तसंच."

हे त्यांना पटलं. ते मोठ्यानं "एक, दोन, तीन, चार" म्हणत उडी मारू लागले. बहुधा दोनवर अडत, कधी तीनवर. एकदा चारऐवजी थेट पाचवर गेले. पाच म्हणजे पेंडीची थप्पी. त्या वेळी थप्पीवरची दोन पोती घरंगळून त्यांच्या मांडीवर येऊन बसली, नातवंडांनी बसावं तशी. आणि रंभा हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सात महिन्यांत त्यांनी हे हसू ऐकलं नव्हतं. सोपानराव पोती मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले. त्यांना इतकं बरं वाटलं, की पुढच्या दोन दिवसांत ते तीन-चार वेळा मुद्दाम पाचवर गेले. कंबर रोज बोंबलत होती, पण कंबरेला विचारतो कोण?

एकच गोष्ट होईना. "तू एकदा करून दाखव ना," ते म्हणत. "बघितल्याशिवाय कसं कळंल?"

"मी सांगीन," रंभा म्हणे, "पण करून न्हाई दावणार."

"दार लावलंय की."

"तरीबी न्हाई."

तिथं सोपानरावांनी बोलायला हवं होतं. शब्द तोंडात यायचे, जिभेच्या टोकाशी यायचे आणि संध्याकाळी बंद कचेरीसमोरून लोक परतावेत तसे परत जायचे. ते पुन्हा "एक, दोन" करू लागायचे.

सतरा तारखेला सगळं घर दौंडला गेलं. सोजराबाईंनी पत्रिका पदरात बांधून घेतली होती. हौसराव सल्ल्यासाठी बरोबर होतेच. मैदानात मांडव, कर्णा, टेबलामागं पाहुणे आणि टेबलाच्या टोकाला रजिस्टर उघडून सावळाराम. खेळाडूनं सही करायची आणि मैदानात जायचं; शेवटी 'शेरा' रकान्यात निकाल लिहायचा. लिंबू-चमचा झाला, दोरीओढ झाली. संगीत खुर्चीकडं सोपानरावांनी डबडबल्या डोळ्यांनी पाहिलं. एक ढेरपोट्या मॅनेजर तीत पहिला आला.

मग कर्ण्यावर सोपानरावांचं नाव पुकारलं गेलं. ते अर्ध्या चड्डीत मैदानाच्या मध्यभागी गेले. शंकरराव पाहुण्यांना कोपरानं ढोसून म्हणाले, "आता बघा."

सोपानरावांनी श्वास घेतला. "एक," ते म्हणाले, आणि हात टेकला. "दोन." दुसरा हात टेकला. पाय वर गेले. खरंच गेले. एक क्षणभर सोपानरावांना दौंड उलटं दिसलं: मांडव खाली, आभाळ त्याहून खाली, आणि त्यात रंभाचा चेहरा, श्वास रोखलेला. "तीन" त्यांनी म्हटलं की नाही, ते त्यांना नंतर आठवेना. ते थेट पाचवर गेले. या खेपेला पाच म्हणजे कर्ण्याचा बांबू. बांबू कलला, कर्णा किंचाळला आणि पाहुण्यांच्या पुढ्यातल्या फुलदाणीवर जाऊन पडला.

मैदान हसलं. चांगलं खदखदून हसलं. सोपानराव उठून बसले, हातपाय जागच्या जागी आहेत का ते अनुक्रमांकानं पाहिलं, आणि त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. तीनशे लोक बघत होते. लोक बघत होते, हसत होते, आणि तरी काहीच झालं नव्हतं. कुणी मेलं नव्हतं, कुणाची अब्रू जमिनीवर सांडली नव्हती. ज्या लोकांसाठी आपण पोरीचा दंड धरला, ते लोक म्हणजे एवढंच!

"झालं का प्रात्यक्षिक?" सावळारामांनी घड्याळ पाहून विचारलं. "पंधरा मिनिटं दिलीत. तुम्ही चार सेकंद घेतलेत."

"उरलेला वेळ भरायचाय," सोपानराव म्हणाले. लंगडत ते टेबलापाशी आले, रजिस्टर स्वतःकडं ओढलं, सावळारामांच्या हातातला टाक घेतला आणि आपल्या नावाखाली लिहिलं: 'कु. रंभा सोपान ओव्हाळ.' वय, बारा. तालुका, दोन रेघा. खेळ, दोन रेघा.

"अहो, हे काय!" सावळाराम उडालेच. "हे कर्मचाऱ्यांसाठी आहे. आणि तुमची चक्री तर पडली. जी झालीच नाही, तिच्याखाली..."

"सावळारामपंत," सोपानराव म्हणाले, "तुम्ही जुने माणूस. तुम्हाला मी सांगायचं? वरचं पडलं, तरी वरीलप्रमाणे कायम राहतं."

सावळारामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या दोन रेघांकडं पाहिलं. "रेघा नियमात आहेत," ते शेवटी म्हणाले आणि रजिस्टरवर टिपकागद दाबला.

सोपानराव मांडवाकडं वळले. कर्णा मोडला होता, तेव्हा त्यांना ओरडूनच सांगावं लागलं, आणि ते सगळ्यांनी ऐकलं.

"रंभे! जयंतीला मी तुला बोललो, ते माझं चुकलं. ते रद्द. समद्या लोकांच्या देखत रद्द! ये, पोरी. दाव ह्यांना."

रंभा जागची हलली नाही. तिनं आईकडं पाहिलं. पार्वतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता, तरी दुसऱ्या हातानं त्या तिला पुढं ढकलत होत्या. मग रंभा उठली. मैदानाच्या कडेला येऊन तिनं परकराचा काचा मारला, वेणी पोलक्यात खोचली आणि वडिलांकडं बघून बोटानं एक, दोन, तीन, चार केलं.

मग ती निघाली. एक चक्री, दुसरी, तिसरी. हात, हात, पाय, पाय. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पडलेल्या कर्ण्याला वळसा घालून, थांबायचं नाव नाही. सात महिने नळावर चालत गेलेली पोर सगळी वाट एका दमात वसूल करत होती. कोण टाळ्या वाजवत होतं, हौसराव काय म्हणत होते, सोपानरावांना काही ऐकू आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चक्री मारणारी पोर त्यांना धूसर, गोल, एकसारखी फिरताना दिसत होती.

कार्यक्रम संपला तेव्हा सावळारामांनी रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं. सोपानरावांच्या नावापुढं 'शेरा' रकान्यात त्यांनी 'पडले' असं लिहिलं होतं. खालचा रकाना कोरा होता.

"ही नोंद तुमची आहे, ओव्हाळ," ते म्हणाले. "शेरा तुम्हीच लिहा."

सोपानरावांनी टाक दौतीत बुडवला. मैदानावर रंभा धापा टाकत उभी होती, अंगभर धूळ, आणि आजीला काहीतरी हसून सांगत होती. सोपानराव टाक धरून तिच्याकडं बघत राहिले. टाकाच्या टोकावरची शाई वाळून गेली. मग त्यांनी टाक खाली ठेवला, रजिस्टर मिटलं आणि तो रकाना तसाच रिकामा सोडून ते मुलीकडं निघाले.